धावणारा पाय आणि कॅमेऱ्याची निवड

शाळेसाठी डिजिटल कॅमेरा घ्यायचे ठरले की पहिला प्रश्न हमखास मेगापिक्सेलचा असतो. क्रीडास्पर्धांची छायाचित्रे काढायची असतील तर आम्ही हा प्रश्न शेवटी ठेवू.

थोडे गणित करू. १०० मीटर अंतर १४ सेकंदांत धावणारी मुलगी सेकंदाला सुमारे ७ मीटर जाते. शटर १/६० सेकंद उघडे राहिले तर तेवढ्यात ती जवळजवळ १२ सेंटिमीटर सरकते आणि चित्र पुसट होते. १/१००० सेकंदात सरकते फक्त ७ मिलिमीटर. (पुढे येणारा पाय धडापेक्षा बराच वेगाने जातो, म्हणूनच चेहरा स्पष्ट पण बूट पुसट, अशी चित्रे निघतात.)

परंतु आता प्रकाशही सुमारे सतराव्या हिश्शाइतकाच मिळतो. उन्हातल्या मैदानावर हे चालते, संध्याकाळच्या कबड्डीला नाही. तेथे भिंगाचे छिद्र मोठे हवे. एफ/५.६ ऐवजी एफ/२.८ वर चौपट प्रकाश आत येतो (आकडा लहान, छिद्र मोठे). आयएसओ वाढवता येतो हे खरे, पण त्याने प्रकाश वाढत नाही. दुबळा संकेत मोठा केला जातो आणि चित्र दाणेदार दिसते. संवेदकाचे क्षेत्रफळ मोठे असेल तर हा त्रास कमी होतो.

इलेक्ट्रॉनिक शटर वापरताना बहुतेक कॅमेऱ्यांत संवेदक ओळीओळीने वाचला जातो. वाचन संथ असेल तर फिरती बॅट वाकडी दिसते. दुकानातल्या चालू पंख्याचे चित्र १/१००० वर काढून पाहावे. पाती वाकलेली दिसली तर दुसरा कॅमेरा मागावा.