तळ्यातलं सगळं हिरवं म्हणजे एकच शेवाळ नव्हे



गेल्या उन्हाळ्यात एका पहाटे आपल्या तळ्यातले मासे तोंड वर काढून धापा टाकत होते. उजाडेपर्यंत कटला, रोहू मरून काठाला लागले. "कुणीतरी औषध टाकलं" म्हणून आपल्यातच भांडणं झाली. औषध कुणीच टाकलं नव्हतं. पाण्यातला प्राणवायू संपला होता.

शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू तयार करतं. रात्री मात्र तेही माशांसारखाच प्राणवायू घेतं. म्हणून सूर्योदयाच्या आधी तो सगळ्यात कमी असतो. शेवाळ दाट आणि आभाळ ढगाळ असलं तर धोका जास्त.

आपण सगळ्यालाच शेवाळ म्हणतो. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानेही १७५३ साली शेवाळ, नेचे आणि बुरशी ही सगळी फुलं न येणाऱ्या वनस्पतींच्या एकाच, २४व्या वर्गात टाकली होती. १९६९ मध्ये व्हिटेकर यांनी सजीवांचे पाच गट केले, त्यात निळं-हिरवं शेवाळ जिवाणूंबरोबर गेलं. तळ्यावर हा फरक असा ओळखा:

१) हिरवं शेवाळ : झाडांचं जवळचं नातेवाईक. याचं हरितद्रव्य झाडांसारखंच, आणि अन्नही पिष्टाच्या रूपात साठवतं. बारीक असेल तर पाणी हिरवट करतं आणि माशांच्या खाद्यसाखळीला उपयोगी पडतं. दोऱ्यासारखं असेल तर जाळ्याला गुंततं.

२) डायटम : तपकिरी झाक. अंगावर काचेसारखं सिलिकाचं कवच. चांगलं खाद्य.

३) निळं-हिरवं : हे खरं म्हणजे जिवाणू, पेशीत केंद्रक नाही. काहींच्या पेशीत वायूच्या पिशव्या असतात, म्हणून वर तरंगून रंग सांडल्यासारखा तवंग येतो. काही जाती विष तयार करतात. असं पाणी गुरांना पाजू नका.

तवंगात काठी घालून बघा. दोरे लोंबले तर दोऱ्याचं शेवाळ. काठीला रंग लागल्यासारखं झालं तर निळं-हिरवं असण्याची शक्यता जास्त.

आता करायचं काय? २० सेंटीमीटर रुंदीची काळी-पांढरी तबकडी दोरीला बांधून पाण्यात सोडा. ३० ते ४० सेंटीमीटरवर दिसेनाशी झाली तर ठीक. २० च्या आतच दिसेनाशी झाली तर शेणखत, युरिया, सुपर फॉस्फेट बंद, खाद्यही कमी. पहाटे मासे वर आले तर पंपाने तळ्यातलंच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं परत तळ्यात पाडा, ताजं पाणी असेल तर तेही सोडा.

मोरचूद टाकून सगळं शेवाळ एकदम मारू नका. मेलेलं शेवाळ कुजताना उरलासुरला प्राणवायूही खातं.

पाण्याचा रंग बदलला की आधी संस्थेत कळवा. एकमेकांवर संशय घेण्याआधी तबकडी सोडून बघू या.

आपला,
सचिव