खेळ घरोघरी, कर्ता मात्र अज्ञात
भिवापूर (प्रतिनिधी) - उन्हाळ्याच्या सुटीत भिवापूरपासून मुंबईपर्यंत अनेक घरांत 'व्यापार'चा पट मांडला जातो. हा खेळ 'मोनोपॉली'वर बेतलेला आहे; पण 'मोनोपॉली'चे मूळ कोणाचे, हे थोड्यांनाच ठाऊक असते. अमेरिकेतील लिझी मॅगी यांना १९०४ मध्ये अशा खेळाचे पेटंट मिळाले होते. पुढे १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्स कंपनीने त्यांचे हक्क अवघ्या ५०० डॉलरना घेतले. श्रेय मात्र अनेक दशके चार्ल्स डॅरो यांना मिळत राहिले.

या पार्श्वभूमीवर २००२ मध्ये सुरू झालेले 'इंडी आरपीजी' पुरस्कार महत्त्वाचे ठरतात. टेबलाभोवती बसून, पात्रांच्या भूमिका घेत कथा रचण्याच्या खेळांसाठी ते देण्यात येऊ लागले. खेळाची मालकी व नियंत्रण निर्मात्याकडेच असावे, हा त्यांचा मुख्य निकष.

कॉपीराइटचे संरक्षण नियमपुस्तिकेतील मजकुराला आणि चित्रांना मिळते. खेळाच्या कल्पनेला ते मिळत नाही. त्यामुळे मोठ्या कंपनीचे पाठबळ नसलेल्या निर्मात्याचे नाव त्याच्या खेळाशी जाहीरपणे जोडले जाणे, हेच अशा पुरस्कारांचे खरे मोल आहे. मॅगी यांच्या वाट्याला ते हयातीत आले नाही.