धाकट्याचीं गाणीं

‘बीटल्स’ हा लिव्हरपूलच्या चौघा तरुणांचा जगविख्यात रॉक-वृंद १९७० सालीं मोडला. जॉर्ज हॅरिसन हा त्यांतील वयानें सर्वांत धाकटा. लेनन व मॅकार्टनी यांच्या रचनांपुढें त्याच्या वांट्यास एका तबकडींत बहुधा एकदोनच गीतें येत. तो मात्र रचीत राहिला. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत त्याचा स्वतंत्र संग्रह निघाला, तो एकदम तीन तबकड्यांचा! ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’, म्हणजे ‘सारें कांहीं सरतें’, हें त्याचें शीर्षकगीत १९६९ सालीं वृंदाच्या तालमींत मागें पडलेलें. ‘माय स्वीट लॉर्ड’ या भक्तिगीतांत ख्रिस्ती स्तुतिघोषाशेजारीं कृष्णनामाचा गजर आहे. तें इंग्लंड-अमेरिकेंत अग्रस्थानीं पोहोंचलें. घरांतील धाकट्याच्या मौनास आपण उणेपणा समजतों. पुष्कळदां त्यांत केवढी तरी सांठवण असते, असें आम्हांस वाटतें.