व्हिडिओ गेमचे शिक्षण : विद्यापीठात नेमके काय शिकवितात?

एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आपल्या धर्मग्रामातील एक कुटुंब मला भेटावयास आले. मुलगा विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण झालेला. त्याला व्हिडिओ गेम तयार करण्याचे शिक्षण घ्यावयाचे होते आणि तेही परदेशी विद्यापीठात. वडील म्हणाले, ''फादर, ज्या खेळापायी आम्ही ह्याचा मोबाइल काढून घेत होतो, त्याच खेळाची आता हा पदवी मागतोय. तुम्हीच समजवा ह्याला.'' आई काही बोलली नाही. घराशेजारची वाडी विकावी लागेल, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. समजावण्याआधी समजून घ्यावे, म्हणून मी थोडा वेळ मागितला आणि वाचू लागलो. हा प्रश्न आज अनेक घरांत आहे. त्या वाचनातून हाती आलेले येथे मांडीत आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. मोबाइलवर पैसे लावून रमी खेळणे आणि खेळाची रचना शिकणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सना आणि पैसे न लावता खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना उत्तेजन देण्याचीही तरतूद आहे.

खेळरचनेचे पदवी शिक्षण कोठून आले हे पाहावयाचे तर स्कॉटलंडमधील डंडी या शहराकडे वळावे लागते. हे शहर एके काळी तागावर जगत असे. बंगालमधून कच्चा ताग जहाजांनी येई, व्हेल माशाच्या तेलाने तो मऊ केला जाई आणि गिरण्यांत त्याची पोती विणली जात. पुढे हुगळीच्या काठी गिरण्या उभ्या राहिल्या आणि डंडीच्या गिरण्या एकामागून एक थंडावल्या. गिरणगावाची दुर्दशा पाहिलेल्या मुंबईकरांना ही कथा वेगळी सांगावयास नको. तागानंतर त्या शहराला टायमेक्स घड्याळांच्या कारखान्याचा आधार होता. १९८२ पासून तेथे स्पेक्ट्रम नावाचा स्वस्त घरगुती संगणक तयार होऊ लागला. तोही कारखाना १९९३ मध्ये कटू संपानंतर बंद पडला.

याच कारखान्यातील डेव्हिड जोन्स या तरुणाने नोकरी सोडताना मिळालेल्या रकमेतून एक संगणक घेतला, स्थानिक तंत्रशिक्षण संस्थेत नाव घातले आणि संगणक क्लबातील मित्रांना घेऊन खेळ तयार करावयास आरंभ केला. त्यांचा 'लेमिंग्ज' हा खेळ १९९१ साली आला. त्यात चिमुकले प्राणी रांगेने चालत राहतात. समोर कडा असो वा पाणी, ते थांबत नाहीत. खेळणाऱ्याने कोणाला खड्डा खणावयास, कोणाला पूल बांधावयास, तर कोणाला वाट अडवून उभे राहावयास सांगावे आणि जमेल तितक्यांना सुखरूप घरी न्यावे. नियम एवढाच, पण त्यातून १२० कोडी निर्माण झाली. तीच तंत्रशिक्षण संस्था १९९४ साली अॅबर्टे विद्यापीठ झाली आणि १९९७ मध्ये तिने संगणकीय खेळांच्या तंत्रज्ञानाची पदवी सुरू केली. जगातील अशी ही पहिली पदवी, असा तिचा दावा आहे. मोटारी पळविणे व मारामारी यांसाठी कुप्रसिद्ध असलेला 'ग्रँड थेफ्ट ऑटो' हा खेळही त्याच साली, त्याच मंडळींच्या हातून बाहेर पडला, हेही लपविण्यात अर्थ नाही.

अशा अभ्यासक्रमात विद्यार्थी दिवसभर खेळत बसतात काय? मुळीच नाही. खेळाचे प्रोग्रॅमिंग करणाऱ्याला गणितापासून सुटका नाही. पडद्यावर चेंडू उडाला तर तो कोठे पडेल, सावली कोठे पडेल, हे सारे सदिश, सारण्या आणि भौतिकशास्त्र यांवर चालते. चित्रकलेच्या अंगाने जाणाऱ्याला शरीररचना, रंग, प्रकाश व हालचाल यांचा सराव करावा लागतो. तिसरा मार्ग खेळरचनेचा, म्हणजे नियम घडविण्याचा. पालकांना नेमके हेच समजत नाही, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

आपली सापशिडी घ्या. तिचा जुना अवतार म्हणजे मोक्षपट. परंपरा त्याचे श्रेय ज्ञानदेवांना देते. सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप अशी त्याची मांडणी असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडमध्ये पोचला. या खेळात आपण काहीच ठरवीत नाही. फासा पडेल तसे सरकतो. आता एकच नियम बदला : फासा दोनदा टाकावा आणि त्यांतील एक दान निवडावे. लगेच खेळणारा विचार करू लागतो. अशी निवड मिळाली की साप चुकविणे सोपे होते आणि खेळ फिका पडतो, मग सापांची संख्या वाढवावी लागते. खेळरचनेचा विद्यार्थी सुरुवातीला हेच करतो, संगणकावर नव्हे तर कागद, कात्री आणि सोंगट्या घेऊन. तो इतरांना खेळावयास बसवितो, स्वतः गप्प राहून पाहतो, ते कोठे कंटाळले, कोठे चिडले याची नोंद करतो आणि पुन्हा नियम बदलतो. आपल्या आवडत्या कल्पनेवर दहा-दहा वेळा काट मारणे हा या शिक्षणाचा गाभा आहे. मला तर यात सेमिनरीतील प्रवचनाच्या वर्गाची आठवण झाली!

दुसरे अंग संस्कृतीच्या अभ्यासाचे. कोपनहेगनच्या आयटी विद्यापीठात एस्पेन आर्सेथ या प्राध्यापकांनी या विषयाला बळ दिले. 'गेम स्टडीज' हे संशोधनपत्र २००१ साली निघाले. या अभ्यासाचे पूर्वसूरी मात्र संगणकापूर्वीचे आहेत. डच इतिहासकार योहान हुइझिंगा यांनी १९३८ साली खेळ हाच संस्कृतीचा एक उगम आहे असे प्रतिपादन केले. फ्रान्सच्या रॉजे काय्वा यांनी १९५८ मध्ये खेळांचे चार प्रकार सांगितले : स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ. आपल्या शब्दांत कबड्डी, सापशिडी, भातुकली आणि जत्रेतला पाळणा. खरे तर विद्यापीठात खेळाचा विचार त्याहून कितीतरी जुना आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुम्मा'मध्ये खेळात सद्गुण असू शकतो काय, अतिखेळ पाप आहे काय आणि खेळाचा अभाव पाप आहे काय, असे तीन प्रश्न घेतले. तिन्हींचे उत्तर त्यांनी होकारार्थी दिले. संत योहानाची एक कथाही त्यांनी तेथे सांगितली आहे. शिष्यांसोबत खेळताना पाहून लोकांनी नाक मुरडले, तेव्हा त्याने एका धनुर्धराला विचारले की तू सतत बाण सोडीत राहशील काय? सतत ताणले तर धनुष्य मोडेल, असे उत्तर आले. मनाचेही तसेच, असे योहान म्हणाला.

नियमच काही सांगू शकतात, हा या अभ्यासातील महत्त्वाचा विचार. लुकास पोप यांच्या 'पेपर्स, प्लीज' (२०१३) या खेळात खेळणारा सरहद्दीवरील तपासनीस असतो. कागद नीट तपासले तर वेतन मिळते, घरच्यांना अन्न मिळते. दयेपोटी कोणाला आत सोडले तर वेतन कापले जाते. कोणीही उपदेश करीत नाही, पण हात शिक्क्याशी अडखळतो. अमेरिकेतील ग्रीन दांपत्याचा जोएल हा चिमुकला मुलगा कर्करोगाने २०१४ मध्ये वारला. त्यांनी त्याच्या आजारपणावर 'दॅट ड्रॅगन, कॅन्सर' हा खेळ २०१६ साली पूर्ण केला. त्यात रुग्णालयातील एक रात्र आहे. बाळ रडत असते आणि खेळणारा काहीही करो, ते थांबत नाही. खेळात जिंकण्याची सवय झालेल्या हातांना तेथे हतबलता कळते. हे वाचून, पडद्यासमोर बसलेल्या मुलाविषयी आपण किती घाईने बोलतो, असे मला वाटले.

काळी बाजूही वर्गात शिकविली जाते, आणि जेथे शिकविली जात नसेल तेथे मुलास पाठवू नये असे माझे मत आहे. पैसे मोजून बंद पेटी घ्यावयाची, आत काय निघेल ते दैवावर, अशा 'लूट बॉक्स'ना बेल्जियमने २०१८ मध्ये जुगाराच्या कायद्याखाली आणले. खेळाच्या विकाराला जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणात स्थान दिले. ते २०२२ पासून लागू आहे. हे सापळे कोणीतरी आखतो. तो आखणारा उद्या आपला मुलगा असू शकतो.

नोकरीचे काय? अमेरिकेतील डिजिपेन संस्थेच्या विद्यार्थ्यांनी २००५ मध्ये 'नार्बॅक्युलर ड्रॉप' हा खेळ केला, व्हॉल्व्ह कंपनीने त्या चमूलाच नोकरीत घेतले आणि त्यातून २००७ साली 'पोर्टल' हा गाजलेला खेळ घडला. जाहिरातींत अशीच उदाहरणे असतात. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने खेळ विभागातील १,९०० जणांना कमी केले, हे त्यांत नसते. आपल्याकडेही दारे उघडत आहेत. पुण्यातील नॉडिंग हेड्स या चमूचा 'राजी' हा खेळ २०२० साली जगभर विकला गेला. राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. मुंबईतही २०२५ साली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज सुरू झाली.

त्या मुलाला मी एवढेच सांगितले, ''बाळा, पुढच्या रविवारी कागदावर एक खेळ करून आण.'' त्याने आणला. वेदीसेवक मुले खेळावयास बसली आणि दहाव्या मिनिटाला कंटाळली. तो रागावला नाही. वही काढून लिहीत राहिला. त्यानंतरच्या रविवारी नियम बदलून पुन्हा आला. वडील बाजूला उभे राहून पाहत होते. परदेशाआधी येथेच संगणकशास्त्राची पदवी घेऊन पुढे खेळरचनेकडे वळता येईल काय, असे त्यांनी मला विचारले. येईल, मी म्हणालो, आणि वाडीची बोलणी तूर्त थांबवा. आई तेव्हा पहिल्यांदा बोलली, ''मला पण एक डाव खेळू दे.''