ताळेबंद जुळणे आणि ताळेबंद खरा असणे

वित्तीय लेखाकर्म शिकविताना तेरीज जुळली की विद्यार्थी, आणि मान्य करावयास हवे, आपणही समाधान पावतो. द्विनोंदी पद्धतीत प्रत्येक व्यवहाराची नावे व जमा रक्कम समान असते; त्यामुळे जुळणी अंकगणिती शुद्धता दर्शविते, व्यवहार घडल्याची साक्ष देत नाही.

सत्यम कॉम्प्युटर्सचे उदाहरण या दृष्टीने अभ्यसनीय आहे. अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांच्या ७ जानेवारी २००९ च्या कबुलीपत्रानुसार सप्टेंबर २००८ अखेरच्या तिमाहीत महसूल २,११२ कोटी रुपये असता २,७०० कोटी, तर परिचालन नफा ६१ कोटी असता ६४९ कोटी दाखविण्यात आला. दोहोंतील फरक ५८८ कोटींचाच. हा खोटा महसूल जमेस धरल्यावर नावे काय टाकावयाचे? वाढविली गेली ती रोख व बँक शिल्लक. अशी साठलेली ५,०४० कोटींची अस्तित्वात नसलेली शिल्लक ताळेबंदात मालमत्ता म्हणून उभी होती आणि ताळेबंद जुळतच होता!

म्हणूनच अंतिम खात्यांच्या उदाहरणांसोबत प्रमाणके आणि बँकेचे शिल्लक-प्रमाणपत्रही विद्यार्थ्यांच्या हाती द्यावे, व त्यांतील एखादे हेतुपुरस्सर विसंगत ठेवावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.