काँक्रीटवर लाकडी जमीन : आधी ओलीचा बंदोबस्त

बॅडमिंटनच्या बंदिस्त सभागृहात काँक्रीटचा नवा कोबा तयार होताच त्यावर लाकडी जमीन घालण्याची घाई पुष्कळदा महागात पडते. पहिल्याच पावसाळ्यात फळ्या फुगतात व सांध्यांपाशी उचलल्या जातात. दोष लाकडापेक्षा खालच्या ओलीचा अधिक असतो.

काँक्रीट कठीण असल्याने उडी मारून उतरणाऱ्या खेळाडूच्या टाचांना व गुडघ्यांना थेट हादरा बसतो. लाकडी तळ किंचित दबून तो शोषून घेतो. म्हणूनच वर सिंथेटिक चटई अंथरायची असली, तरी तिच्याखाली असा तळ हवा.

काँक्रीटची मजबुती २८ दिवसांनी मोजतात. परंतु मजबूत होणे आणि सुकणे या भिन्न गोष्टी आहेत. साधारण ठोकताळा असा, की जाडीच्या दर २५ मिलिमीटरमागे सुकण्यास एक महिना लागतो. म्हणजे १०० मिलिमीटरच्या कोब्याला चार महिने. दमट हवेत त्याहून अधिक. शिवाय मातीतील ओलही सूक्ष्म छिद्रांतून वर चढत राहते.

याची प्राथमिक चाचणी सोपी आहे. सुमारे ४५ सेंटिमीटर चौरस पारदर्शक पॉलिथिन कोब्यावर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात. किमान १६ तासांनी खाली थेंब दिसले किंवा काँक्रीट काळसर झाले, तर काम थांबवावे. ही चाचणी वरच्या थरापुरतीच असल्याने, पुढे आतील आर्द्रता उपकरणाने मोजून घेणे श्रेयस्कर.

कोबा सुकल्यावर त्याची पातळी तपासावी. तीन मीटरमध्ये तीन मिलिमीटरहून अधिक चढउतार नसावा. त्यानंतर जाड पॉलिथिन अंथरावे. त्याचे सांधे १५ सेंटिमीटर एकमेकांवर घेऊन चिकटवावेत व कडा भिंतीवर चढवाव्यात. त्यावर रबरी गाद्या लावलेल्या लाकडी पट्ट्या आणि मग जलरोधक प्लायवूड, असा क्रम असतो. भारतीय मानक ७१० नुसार बनलेले मरीन प्लायवूड यासाठी योग्य ठरते. तक्त्यांमध्ये सुमारे तीन मिलिमीटर फट सोडावी. भिंतीलगत किमान १२ मिलिमीटर, तर मोठ्या सभागृहात त्याहून अधिक जागा ठेवावी. कारण लाकूड ऋतुमानानुसार प्रसरण पावते. खिळे वा स्क्रू पॉलिथिनपर्यंत पोहोचणार नाहीत, याची दक्षता घ्यावी. वाळवीप्रतिबंधक प्रक्रिया मात्र कोबा घालण्यापूर्वीच मातीवर करून घ्यावी.

लाकडाखाली राहिलेली ओल नंतर काढायची, तर संपूर्ण जमीन उखडावी लागते. त्यापेक्षा चार महिने थांबणे केव्हाही स्वस्त.