कन्सोल सर्व्हरची निवड : स्वतंत्र मार्गाचा निकष

राऊटर, स्विच इत्यादी उपकरणांच्या कन्सोल पोर्टशी सिरीयल केबलने जोडलेले व त्यांचे दुरून नियंत्रण शक्य करणारे साधन म्हणजे कन्सोल सर्व्हर होय. नेटवर्क बंद पडते तेव्हाच त्याची खरी कसोटी लागते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी देखभालीच्या एका आदेशामुळे फेसबुकचे मुख्य जाळे तुटले. पर्यायी मार्गही चालला नाही आणि अभियंत्यांना डेटा सेंटरमध्ये प्रत्यक्ष जावे लागले. सेवा सुमारे ६ तास ठप्प होती.

म्हणून पोर्टांची संख्या व किंमत यांआधी मोबाईल मोडेमसारखी स्वतंत्र जोडणी, एसएसएच सुविधा, स्वतंत्र वीजपुरवठा आणि मध्यवर्ती सर्व्हर बंद असतानाही प्रवेश देणारे स्थानिक खाते पाहावे. खरेदीपूर्वी मुख्य जोडणी तोडून चाचणी घेणे इष्ट ठरते.